पाटावरचा रिमोट

नाना : मग नाव काढून टाका. सरळ. बॅनरवरून सुबोधचं नाव काढा आणि खेळा काय खेळायचं ते. क्रिकेट खेळा, नाहीतर सापशिडी खेळा.

सिद्धेश : नाना, नाव काढायचं कोण बोललं? नाव तेच राहणार. कैलासवासी सुबोध धुरी स्मृतिचषक. अक्षरंसुद्धा तीच, तुम्हाला आवडतात तशी जाड. फक्त गेम बदलतोय. टीव्हीवर आतापर्यंत फुटबॉलचा गेम लावायचो, यंदा क्रिकेटचा लावू. हॉल मंडळाचाच, टीव्ही तोच, चिठ्ठ्या काढायला तुम्हीच.

नाना : म्हणजे सगळं तेच. ज्या पोराच्या नावाने करताय, त्याचा खेळ तेवढा नको.

सिद्धेश : तसं नाही ओ.

नाना : सुबोधच्या हातात कधी बॅट बघितलीस तू? एवढा जिगरी ना त्याचा?

सिद्धेश : नाही बघितली.

नाना : अख्खी चाळ नदीच्या काठाला क्रिकेट खेळायची, आणि आमचा ह्या खोलीत टीव्हीसमोर फुटबॉल.

शुभा : फिट येते म्हणून तुम्हीच बाहेर सोडत नव्हता. खोलीत नाही खेळणार तर काय पत्र्यावर चढून खेळणार?

नाना : तू चहाचं बघ गो.

शुभा : चहा कधीच झालाय. तुमचं भांडण उकळायची वाट बघत होते. सिद्धेश, साखर चालते ना अजून? की लग्न ठरल्यापासून सोडलीस?

सिद्धेश : चालते, काकी. फक्त ऋतिकाला सांगू नका.

शुभा : तिला मी कशाला सांगू. शर्टाची बटणं सांगतायत.

नाना : चेष्टा नंतर. आधी मला सांग, हे निघालं कोणाच्या डोक्यातून? त्या क्लासवाल्याच्या? बक्षिसं देतो म्हणून आता खेळ पण तोच ठरवणार?

सिद्धेश : क्लासवाल्याला फुटबॉल कळत नाही आणि क्रिकेटही कळत नाही. बॅनरवर आपला फोटो कुठल्या कोपऱ्यात येतो, तेवढंच कळतं. त्याचा काही संबंध नाही. खरं सांगू का नाना? पोरं नावंच देत नाहीत. पहिल्या वर्षी हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. यंदा सहा जण. त्यातला एक तुम्ही जबरदस्तीने घातलेला.

नाना : जबरदस्ती कसली? मी विचारलं, खेळणार का. तो हो बोलला.

सिद्धेश : समोरच्या टॉवरचा वॉचमन आहे तो, नाना. तुम्ही त्याच्या भाच्याला स्टुडिओत चिकटवलंत. तो नाही कसं बोलेल? काल प्रॅक्टिसला आला होता बिचारा. कंट्रोलर, तुम्ही रिमोट म्हणता तो, उलटा धरून बसला, आणि नमस्कार केला त्याला आधी.

नाना : शिकेल. मी नाही शिकलो? गोरेगावला सेटवर खिळे ठोकण्यात जन्म गेला माझा. कागदी राजवाडे उभे करायचे आणि आठवड्याने पाडायचे. ऑफसाईड म्हणजे काय ते साठीत शिकलो. कोणासाठी शिकलो?

सिद्धेश : शिकलात ना. आमच्यापेक्षा जास्त शिकलात. गेल्या वर्षी टीव्हीशी भांडलात.

नाना : तो ऑफसाईडच होता.

सिद्धेश : गेम स्वतः ठरवतो ते, नाना. त्याच्याशी भांडून काय होणार? बरं, तो गेम तरी राहिलाय का आता? कंपनीने त्याचं सगळं बंद केलं. त्यातले अर्धे खेळाडू रिटायर झाले. लहान पोरं बघून हसतात, बोलतात, हे अंकल कोण. अहो, मिथुनसारखा फुटबॉलवेडा, तो पण वर्षभर क्रिकेटचाच गेम खेळतो. आणि तेजल, गेल्या वर्षीची चॅम्पियन, तिने तर स्पष्ट सांगितलं. दादा, क्रिकेट असेल तर कळव, नाहीतर मी कांदिवलीच्या स्पर्धेला नाव देते.

नाना : जाऊ दे तिला कांदिवलीला. चषक इथे परत ठेवून जा म्हणावं.

सिद्धेश : कमिटीत काल काय ठरलं ते पण सांगतो, म्हणजे नंतर बोलायला नको की लपवलं. यंदा क्रिकेट, नाहीतर यंदा स्पर्धा नाही. एकदा एक वर्ष चुकलं की संपलं, नाना. आपल्या मंडळाच्या बाकीच्या स्पर्धा आठवा. कॅरम आठवा. कोणाच्या नावाने होती कॅरमची, तुम्हाला तरी आठवतं का?

नाना : आठवतं.

सिद्धेश : कोणाच्या?

नाना : तो... जोगेश्वरीला बदली होऊन गेलेल्यांचा मुलगा. गोरा होता.

सिद्धेश : बघा. गोरा होता, एवढंच राहिलं.

शुभा : घेऊ दे की हो क्रिकेट.

नाना : काय?

शुभा : क्रिकेट घेऊ दे म्हटलं. पोरांना जे आवडतं ते खेळतील. रिकाम्या हॉलमध्ये फुटबॉल लावून त्याला काय पोचणार आहे?

नाना : हे तू बोलतेस? ह्याने म्हटलं तर मी समजू शकतो, ह्याचं लग्न ठरलंय, ह्याच्या डोक्यात वाजंत्री आहे. पण तू?

शुभा : मी फक्त म्हटलं.

नाना : सिद्धेश, नीट ऐक. त्या दिवशी मी सेटवर होतो. घरात ही होती. हिने स्वतःच्या कानांनी ऐकलंय. गोलावर गोल होत होते, पब्लिक ओरडत होतं. माझा मुलगा जिंकता जिंकता गेला. डॉक्टर बोलले, फिट आली आणि एका क्षणात झालं सगळं, त्याला कळलंसुद्धा नसेल. किती लोकांच्या नशिबात असतं असं? हा खेळ, ही खोली, हा टीव्ही. म्हणून चषक फुटबॉलचा. आता तुम्ही क्रिकेट लावलंत तर त्याचा संबंध काय राहिला? पुढच्या वर्षी त्याच्या नावाने मंगळागौर ठेवाल.

सिद्धेश : नाना...

नाना : तूच सांगितलंस ना गो मला? ह्या दारात. मी धावत आलो तेव्हा.

शुभा : सांगितलं.

नाना : झालं तर. सिद्धेश, बरोबर की नाही? तू तर माझ्याही आधी पोचला होतास.

सिद्धेश : हो. म्हणजे... मला तेव्हा काही सुचत नव्हतं, नाना. ते सोडा ना आता. आपण असं करू. मधला रस्ता काढू.

नाना : मधला रस्ता काढणारे नेहमी आपल्याच घरी पोचतात.

सिद्धेश : ऐकून तर घ्या. मॅचेस सगळ्या क्रिकेटच्या. पण पहिला मान सुबोधचा. उद्घाटनाला फुटबॉलच लावायचा, दरवर्षीसारखा. गेमचा जुना डबा माझ्याकडे आहे, मी घासूनपुसून चालू करतो. तुमचा पाट, पाटावर त्याचा रिमोट, मागे फोटो. दोन मिनिटं पूर्ण. मग नारळ फोडायचा, आणि मग क्रिकेट.

नाना : रिमोटला हात कोणी लावायचा नाही.

सिद्धेश : कोण लावतोय? कधी लावलाय? त्याची निळी टीम मैदानात उभी. समोरून मिथुन खेळेल, नुसता पास देत फिरेल. पब्लिकचा आवाज फुल. काकी पहिल्या खुर्चीत, शाल घालून. मी माइकवर बोलतो नेहमीचं.

नाना : नेहमीचं म्हणजे मी लिहून दिलेलं. सुबोध मैदानात आहे. तेवढंच. नंतर गप्प राहायचं. गेल्या वर्षी तू मध्येच गाड्या हटवा म्हणून सूचना केलीस.

सिद्धेश : गल्लीत पाण्याचा टँकर अडकला होता ओ. यंदा नाही करणार.

नाना : तुला माहीत आहे का सिद्धेश, तो पाट कशाचा आहे? सागवान. एका राजाचं सिंहासन पाडलं होतं आम्ही. त्याचा हात होता, चांगला जाड. सगळं भंगारात चाललं होतं, मी तेवढा तुकडा घरी आणला. आणि हे दोन मिनिटांचं पण मलाच सुचलं. लोक फोटोला हार घालतात, मिनिटभर उभे राहतात, मोबाईल बघतात. त्यात माणूस कुठे असतो? इथे तो खेळत असतो. रिमोट त्याच्यासमोर, टीम त्याची, पब्लिक त्याचं. असं वाटतं, आता उठेल आणि...

सिद्धेश : हो, नाना. आमच्या पण अंगावर काटा येतो दरवर्षी.

नाना : मग चालेल. मान फुटबॉलचा राहणार असेल, तर बाकीचं तुम्ही क्रिकेट खेळा. मी चिठ्ठ्या काढीन. त्या वॉचमनचं नाव काढून टाक वाटलं तर.

सिद्धेश : वा. बघा काकी, सुटला प्रश्न. मी उगाच रात्रभर तळमळत होतो. बॅनरवाल्याला सांगून टाकतो मग.

शुभा : मी येणार नाही.

नाना : कुठे येणार नाही?

शुभा : उद्घाटनाला. बाकीचं काय ते करा. क्रिकेट करा, फुटबॉल करा. ते दोन मिनिटांचं असेल तर मी येणार नाही.

नाना : अगो, आई आहेस तू त्याची. तुझी खुर्ची आहे.

शुभा : रिकामी ठेवा. नाहीतर क्लासवाल्याला बसवा, तो शाल पण घेईल.

सिद्धेश : काकी, तब्येत ठीक नाहीये का? आपण संध्याकाळी लवकर उरकू. तुम्ही फक्त पाच मिनिटं या, मी स्वतः घरी सोडतो.

शुभा : तब्येतीला काय झालंय. घोड्यासारखी आहे.

नाना : मग काय झाला ता सांग. मघापासून बघतोय, क्रिकेट घेऊ दे, क्रिकेट घेऊ दे. ह्यांनी तुला आधीच भरवलं होतं काय?

शुभा : मला कोणी भरवत नाही. चहा थंड होतोय तुमचा.

नाना : चहा राहू दे. सांग.

शुभा : काय सांगू?

नाना : का येणार नाहीस?

शुभा : मला तो आवाज नको.

नाना : कसला आवाज? पब्लिकचा? कमी करायला सांगू. सिद्धेश, आवाज कमी ठेवायचा.

शुभा : कमी-जास्तीचं नाही हो ते.

(शुभा आत जाऊन गॅस बंद करून येते आणि पहिल्यांदाच खाली बसते.)

शुभा : त्या दिवशी मी आत सुकट भाजत होते. दार ओढून घेतलं होतं, वास बाहेर जाऊ नये म्हणून. हा इथे बसलेला. गेम चालू. थोड्या वेळाने पब्लिक ओरडलं. मला त्यातलं काय कळतं? पण एवढं कळत होतं की गोल झाला की लोक तसे ओरडतात. मग परत ओरडलं. परत. मी म्हटलं, आज स्वारी खुशीत आहे. आदल्या दिवशी हरून हरून चिडला होता ना, जेवला नव्हता धड. जेवायची वेळ टळून गेली तरी मी हाक मारली नाही. म्हटलं, जिंकतोय तर जिंकू दे. उठवलं तर चिडेल. भात झाकून ठेवला.

नाना : हे सगळं मला माहीत आहे. तूच सांगितलंयस. गोलावर गोल.

शुभा : मी सांगितलं, लोक ओरडत होते. गोलावर गोल होत होते. त्याने मारले, असं मी कुठे म्हटलं? ते तुम्ही जोडलंत. मला पण तेव्हा तसंच वाटत होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

नाना : म्हणजे?

शुभा : पहिल्या वर्षी आठवतं? तुम्ही रिमोट पाटावर ठेवलात. निळी पोरं मैदानात नुसती उभी. मिथुन पास देत होता, आणि चुकून त्याच्या पायाचा... काय ते, बटणाचा... बॉल जाळीत गेला.

सिद्धेश : काकी.

शुभा : सगळे हसले. मिथुनने जीभ चावली. आणि टीव्हीतलं पब्लिक ओरडलं. तोच आवाज. अगदी तोच. आणि निळी पोरं तशीच उभी. तेव्हा मला कळलं, रिमोट हातात कोणी धरला नसेल तरी गोल होतात. समोरचे मारतात. आणि लोक तसेच ओरडतात.

नाना : नाही.

शुभा : मग मी विचार केला, कदाचित तसं नसेल. कदाचित त्याने मारले असतील आधीचे. दरवर्षी खुर्चीत बसून तोच विचार करते. ह्याला विचारा. हा पहिला आला होता. टीव्ही ह्याने बंद केला.

सिद्धेश : काकी, राहू दे ना.

शुभा : मी पण राहूच दिलं होतं. आता विचारते. पडद्यावर काय होतं?

सिद्धेश : नाही आठवत.

शुभा : सिद्धेश. तू खोटं बोलताना कान खाजवतोस. लहानपणापासून.

सिद्धेश : त्याचे... निळ्यांचा शून्य होता, काकी.

नाना : शून्य?

सिद्धेश : हो.

नाना : आणि समोरच्यांचे?

सिद्धेश : होते.

नाना : किती?

सिद्धेश : नाना, मी बघितलं आणि टीव्ही बंद केला. तुम्ही यायच्या आधी बंद करायचा होता, एवढंच डोक्यात होतं. सुबोधला आवडलं नसतं असं. कोणी बघावं.

नाना : किती होते, विचारतोय.

सिद्धेश : कशाला हवंय?

नाना : कशाला म्हणजे? मी तुमच्या मॅचेस बघितल्यात. पंच बसलोय. एक गोल व्हायला किती वेळ लागतो ते मला कळतं. मग डॉक्टर कसं बोलले, एका क्षणात? एका क्षणात गेला असेल तर गेला. नसेल तर... किती होते, सांग, म्हणजे मला...

सिद्धेश : तो हिशेब नका करू, नाना. पाया पडतो. मी केलाय. काही निघत नाही त्यातून. तो आधीच गेला असेल आणि गेम चालू राहिला असेल. तसं पण असू शकतं. गेमला काय कळतं?

नाना : नाहीतर तसं नसू शकतं.

सिद्धेश : ...हो. नाहीतर तसं नसू शकतं.

नाना : सात पावलांवर होतीस तू... अगो, एक हाक. जेवायला तरी हाक मारायचीस.

सिद्धेश : नाना, असं नका बोलू त्यांना.

शुभा : बोलू दे. मी वाटच बघत होते कधी बोलतात. चार वर्षं झाली, ह्या घरात कोणी मला ते विचारलं नाही. आता विचारलंत, बरं झालं. हाक मारली नाही. तो जिंकतोय असं वाटलं, म्हणून नाही मारली. ह्याच्यापुढे माझ्याकडे काही नाही सांगायला.

नाना : मला बोलायचं नव्हतं तसं.

शुभा : माहीत आहे.

नाना : आणि तू दरवर्षी त्या खुर्चीत बसलीस.

शुभा : शाल घालता तुम्ही. दोन्ही टोकं मागे खोचता. उठून कुठे जाणार?

नाना : मला सांगायचंस. पहिल्याच वर्षी सांगायचंस. मी ते केलंच नसतं. मला वाटलं, तुला बरं वाटतं. तू डोळे मिटून बसायचीस. मी लोकांना दाखवायचो, बघा, आईला मुलगा दिसतोय.

शुभा : कसं सांगणार होते? तो गेल्यावर तुम्ही काय होता, आठवा. जेवण नाही, दाढी नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचात. मग एक दिवस तो लाकडाचा तुकडा काढलात आणि दारात बसून रंधा मारायला लागलात. त्या संध्याकाळी तुम्ही चार भाकऱ्या खाल्ल्यात. मी मोजल्या नव्हत्या, पण परत पीठ मळायला लागलं, म्हणून लक्षात आहे. त्या माणसाला मी काय सांगू? की हा पाट उचला?

नाना : आणि सिद्धेश तू. तुला माहीत होतं. तरी माइकवर बोलायचास, सुबोध मैदानात आहे.

सिद्धेश : तुम्ही लिहून द्यायचात, नाना. पहिल्या वर्षी मी बाथरूमला जातो सांगून हॉलच्या मागे जाऊन उलटी केली. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते. तुम्ही खूश दिसायचात. मला वाटलं, काकी पण. मला वाटलं, मला एकट्यालाच माहीत आहे.

शुभा : मला वाटलं, मला एकटीला.

नाना : म्हणजे अख्ख्या हॉलमध्ये मीच एक.

शुभा : तुम्ही एकटे नाही. मिथुनला माहीत नाही, तेजलला माहीत नाही. कोणालाच नाही. कोणाला सांगायचं पण नाही, सिद्धेश. लोकांसाठी तो जिंकता जिंकताच गेला. ते तसंच ठेव.

सिद्धेश : नाही सांगणार, काकी.

नाना : मग हे क्रिकेटचं जे आणलंस तू. ते ह्याच्यासाठी? तो आवाज बंद व्हावा म्हणून?

सिद्धेश : नाही, नाना. कशाला खोटं बोलू? मी आलो होतो नावं येत नाहीत म्हणूनच. उलट दोन मिनिटं ठेवू, हे मीच बोललो ना आत्ता. तुम्ही हो म्हणावं म्हणून. मीच त्यांना परत त्या खुर्चीत बसवत होतो.

शुभा : तुझी काही चूक नाही. तुला काय माहीत.

सिद्धेश : बंदच करू का यंदा? मी कमिटीला सांगतो, नाना तयार नाहीत. मला शिव्या घालतील, घालू दे. पुढच्या वर्षी बघू.

नाना : पुढच्या वर्षी कोण बघतो? गोरा होता म्हणतील, बस.

सिद्धेश : सुबोध सावळा होता.

नाना : तेच सांगतोय. तेवढं पण बरोबर नाही सांगणार.

शुभा : बंद नका करू. तेजल गेल्या वर्षी चषक घेऊन घरी आली होती पाया पडायला. म्हणाली, काकी, सुबोधदादा कुठली मिसळ खायचा? असं कोण विचारतं त्याच्याबद्दल? वर्षातून एकदा कोणीतरी विचारतं. स्पर्धा असू दे. मी येईन. बक्षीस द्यायला येईन. फक्त ते नको.

नाना : पाट मी वर टाकतो, माळ्यावर.

शुभा : माळ्यावर कशाला? फोटो ठेवा त्याच्यावर. एवढं चांगलं लाकूड.

सिद्धेश : मग उद्घाटनाला काय करायचं? नुसता नारळ?

नाना : नुसता नारळ. आणि तू माइकवर त्याचं नाव घे, पूर्ण नाव. मैदानाबिदानाचं काही नको.

सिद्धेश : चालेल. मग बॅनरवाल्याला क्रिकेट सांगू ना, नाना? एकदा तोंडाने हो म्हणा. नंतर कमिटीत मला कोणी बोलायला नको.

नाना : थांब. मला एक सांग. तुमच्या त्या क्रिकेटच्या गेममध्ये रिमोट कोणी धरलाच नाही, तर काय होतं?

सिद्धेश : म्हणजे?

नाना : म्हणजे समज. एक माणूस खेळतोय. एकटा. आणि त्याने हातातला सोडला. मग काय होतं? समोरचे मारत राहतात?

सिद्धेश : नाही, नाना. क्रिकेटचं वेगळं आहे. दर बॉलला आपण बटण दाबून तयार आहे असं सांगायचं असतं. त्याच्याशिवाय बॉलर पळतच नाही. बॉल हातात घेऊन उभा राहतो.

नाना : किती वेळ?

सिद्धेश : कितीही. बटण दाबेपर्यंत.

नाना : आणि पब्लिक? ते ओरडत असेल ना मध्ये मध्ये?

सिद्धेश : सुरुवातीला थोडी कुजबुज येते. मग ती पण बंद होते. कोणी आउट नाही, कोणी रन काढत नाही, ओरडायचं कशाला? एकदम शांत होतं. आमच्याकडे मध्येच कोणाला घरून फोन आला ना, तर लगेच कळतं. आजूबाजूचे विचारतात, काय झालं रे, खेळत का नाहीस?

शुभा : आत स्वयंपाकघरात असलेल्या माणसाला कळेल, एवढं शांत?

सिद्धेश : दार ओढलेलं असलं तरी कळेल, काकी.

नाना : मग तो लावा.